‘कोणताही अडॅप्टर चालेल’ ही ओळ कृपया दुरुस्त करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हेडफोन अँप्लिफायर घरी कसा बनवावा, यावर लेख आला होता. लेख चांगला होता. सर्किट बरोबर, आकृती स्वच्छ, आणि सुटे भाग सहज मिळणारे. मी ३१ वर्षं एका तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत साहाय्यक होते, त्यामुळे सर्किट दिसलं की चूक शोधायची खोड अजून गेलेली नाही. या लेखात मला एकच सापडली. वीजपुरवठ्यासाठी लेखकाने एवढंच लिहिलं आहे: घरात पडलेला कोणताही १२ व्होल्टचा अडॅप्टर चालेल. बाकी निम्मा लेख कुठल्या ओपॅम्पचा (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचा) आवाज किती ‘मोकळा’ यावर. त्या मोकळेपणाबद्दल माझं मत वेगळं आहे, पण त्याने कुणी मरत नाही. अडॅप्टरच्या ओळीचं तसं नाही, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, याची कल्पना आहे.

हा लेख माझ्या भाच्याने वाचला आणि आठवड्याभरात अँप तयार केला. सोल्डरिंग माझ्यापेक्षा नीट. रात्री सगळे झोपल्यावर अंधारात गाणी ऐकायची त्याला सवय. दोन दिवसांनी त्याचा फोन. “मावशी, आवाज झकास आहे गं, पण कानामागे मुंग्या आल्यासारखं होतं.” त्याच्या हेडफोनची कमान स्टीलची आहे. मी म्हटलं, आधी तो डोक्यावरून काढ आणि मग बोल.

दुसऱ्या दिवशी गेले. त्याने वायफायच्या जुन्या डब्याचा काळा अडॅप्टर लावला होता. जॅकच्या बाहेरच्या कड्याला टेस्टर लावला, तर आतला निऑन मंद पेटला. भाच्याचा चेहरा पडला. मग मीटर काढला. कडं आणि अर्थिंग यांच्यामध्ये ९६ व्होल्ट एसी! घाबरण्यासारखाच आकडा, पण डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे त्याला असं भुताटकीचं व्होल्टेजही दिसतं. म्हणून मीटरच्या दोन टोकांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर अडकवला आणि परत मोजलं. ९६ चे झाले ०.८ व्होल्ट. म्हणजे करंट ०.०८ मिलिअँपिअर. माणसाला हातातून साधारण अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास करंट जाणवायला लागतो. हा त्याच्या सहाव्या भागाएवढा. हाताने कमान घट्ट धरली तर काहीच कळत नव्हतं. कानामागची पातळ कातडी धातूवरून हलकेच घासली गेली की मात्र त्या झिणझिण्या येत, आणि त्याही पाय उघडे फरशीवर असले तरच.

हा करंट येतो कुठून, तर अडॅप्टरच्या आतल्या एका निळ्या चकतीतून. हल्लीचे हलके अडॅप्टर स्विचिंग प्रकारचे, म्हणजे एसएमपीएस असतात. मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटच्या एसी विजेचं आधी डीसी करायचं, ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचं, आणि मग छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पोचवायचं, अशी त्यांची तऱ्हा. या चालू-बंदचा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून मेन्सची बाजू आणि तुमची बाजू यांच्यात एक बारका कॅपॅसिटर मुद्दाम जोडलेला असतो. त्याला वाय कॅपॅसिटर म्हणतात. त्यातून ५० हर्ट्झचा थोडा करंट झिरपतोच. २.२ नॅनोफॅरडचा असेल आणि त्यावर पूर्ण २३० व्होल्ट आले तर हिशेबाने ०.१६ मिलिअँपिअर होतात. प्रत्यक्षात त्याच्यावर साधारण निम्मंच व्होल्टेज पडतं, म्हणजे ०.०८, मीटर हेच सांगत होता. आयईसी ६०९५० या जुन्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा प्रमाणात दुहेरी इन्सुलेशनच्या (अर्थिंगवर न विसंबणाऱ्या) उपकरणाला पाव मिलिअँपिअरपर्यंत मुभा होती. म्हणजे भाच्याचा काळा अडॅप्टर नियमात बसत होता. वाय प्रकारच्या कॅपॅसिटरची खुबी अशी, की तो बिघडला तर आतून तुटावा, जोडला जाऊ नये, अशा बेताने बनवलेला असतो. म्हणून तर तो मेन्स आणि माणूस यांच्यामध्ये बसवायची परवानगी मिळते.

हे सगळं मी भाच्याला समजावलं आणि घरी आले. तिथे माझी चूक झाली. “धोका नाही” असं म्हटलं, पण पुढे काय करायचं ते सांगितलं नाही. चार दिवसांनी परत फोन. “मावशी, काम झालं. दुसरा अडॅप्टर लावला, मुंग्या गायब!” आवाजात बारीक चिरचिर येते म्हणाला, पण तेवढं चालतंय.

मुंग्या गायब हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. “तो अडॅप्टर घेऊन ये, लावू नकोस,” म्हटलं.

तो पांढरा अडॅप्टर हातात घेतला आणि पहिली शंका वजनानेच आली. १२ व्होल्ट, २ अँपिअर असं छापलेलं, म्हणजे २४ वॅट. आणि हातात काडेपेटीएवढा हलका. कशाबरोबर आला होता ते कुणालाच आठवत नव्हतं. दोन दिवस तसाच ठेवला, मग व्हाइसमध्ये धरून करवतीने कापला. (वाचकांनी हा उद्योग करू नये. मेन्सच्या बाजूच्या कॅपॅसिटरवर चालू असताना ३२५ व्होल्टच्या आसपास असतात आणि पिन काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात. उघडल्यावर आत हात घालण्याआधी मी रेझिस्टरने तो रिकामा केला.)

आत वाय कॅपॅसिटर नव्हताच. त्याच्यासाठी बोर्डावर दोन भोकं होती, छापलेलं चिन्हही होतं, पण जागा रिकामी. म्हणून मुंग्या नव्हत्या, आणि म्हणूनच चिरचिर होती. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा सोल्डर केलेला. ते एक वेळ बाजूला ठेवू. बोर्ड उलटा केला आणि भिंग लावलं. प्रमाणात बसणाऱ्या अडॅप्टरमध्ये मेन्सच्या बाजूचं तांबं आणि तुमच्या बाजूचं तांबं यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटर रिकामी पट्टी सोडलेली असते, बऱ्याचदा तिथे बोर्डाला आरपार खाचही मारलेली असते. इथे ऑप्टोकपलरच्या (दोन बाजूंमध्ये उजेडाने निरोप पोचवणाऱ्या चिपच्या) पायांपासून निघालेली एक रेघ वळसा घेऊन थेट मेन्सच्या रेघेशेजारून गेली होती. मधलं अंतर माझ्या मोजपट्टीवर एक मिलिमीटरसुद्धा भरलं नाही. त्यात सोल्डरचा एक बारका थेंब अर्ध्या वाटेपर्यंत आलेला. ट्रान्सफॉर्मर उकलला, तर दोन वेटोळ्यांमध्ये पिवळ्या टेपचा एकच वळसा आणि दोन्हीकडे साधी एनॅमलची तार. चांगल्या कारखान्यात या दोन बाजूंमध्ये साधारण ३००० व्होल्ट लावून चाचणी घेतात. हा अडॅप्टर त्या चाचणीच्या वाटेला कधी गेला असेल, असं मला वाटत नाही.

मुंग्या आणणारा काळा अडॅप्टर सरळ होता. गुपचूप बसलेला पांढरा, तो धोक्याचा. थोडी दमट हवा, एखादी मुंगी, धूळ, किंवा मेन्समध्ये एखादा झटका, एवढ्याने ती एक मिलिमीटरची वेस ओलांडली गेली असती आणि भाच्याच्या स्टीलच्या कमानीवर पूर्ण २३० व्होल्ट आले असते. आणि तो हे सगळं डोळे मिटून ऐकत पडला असता.

लेखकमहाशय म्हणतील, हीच गोष्ट स्पीकरच्या अँपलाही लागू आहे. नाही. स्पीकर कोपऱ्यात असतो आणि त्याची वायर कुणी अंगावर घेऊन झोपत नाही. हेडफोनच्या जॅकचं बाहेरचं कडं बहुतेक सर्किटांत सरळ पुरवठ्याच्या कॉमनला, म्हणजे समाईक टोकाला जोडलेलं असतं, मध्ये काहीही नसतं. ती वायर घामेजलेल्या मानेवरून जाते, कमान कधी धातूची असते, आणि त्याच वेळी दुसरा हात धातूच्या पेटीच्या कॉम्प्युटरवर असतो. ओली कातडी कोरडीपेक्षा कितीतरी जास्त करंट जाऊ देते. वर हे सगळं तासन् तास. घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) असेल तर जीव वाचण्याची शक्यता वाढते, तो जरूर असावा. पण तो झटका बसल्यावर धावून येणारा गडी आहे, आधी अडवणारा नाही. आधी अडवायचं काम त्या अडॅप्टरमधल्या इन्सुलेशनचं, दुसऱ्या कुणाचंही नाही.

मग निवडायचं कसं? अडॅप्टर बाहेरून बंद असतो, कापून बघता येत नाही. तरी लेबल वाचता येतं. एका चौकोनात दुसरा लहान चौकोन, ही खूण दुहेरी इन्सुलेशनची. दोनच पिनांचा अडॅप्टर असेल आणि ती नसेल तर तो घेऊच नका. त्याच्याशेजारी सुरक्षा प्रमाणाचा क्रमांक असावा: ऑडिओ आणि संगणकाच्या उपकरणांसाठी आता आयईसी ६२३६८-१ आहे, ट्रान्सफॉर्मरसाठी आयईसी ६१५५८. बनवणाऱ्याचं नाव आणि मॉडेल क्रमांक असावा आणि त्या मॉडेलची माहितीपत्रिका शोधली तर सापडावी. खुणा काय, छापखान्यात कुणीही छापून घेतो, हे मलाही कळतं. म्हणून निनावी अडॅप्टरवर दहा खुणा असल्या तरी माझा विश्वास बसत नाही, आणि दुसऱ्या चांगल्या उपकरणाबरोबर आलेला, नाव-गाव असलेला जुना अडॅप्टर मला नव्या चकचकीतपेक्षा बरा वाटतो. वायर प्लगपाशी भेगाळलेली नसली म्हणजे झालं.

लेबलवरच्या बाकीच्या गोष्टी जिवाच्या नाहीत, अँपच्या आहेत. ‘आउटपुट’च्या पुढे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी, नागमोडी असेल तर एसी. डीसी अँपला एसी अडॅप्टर लावून धूर काढलेली मुलं मी दर वर्षी पाहिली. प्लगच्या आतली पिन पॉझिटिव्ह की बाहेरचं कडं, याची छोटी आकृती असते. गिटारच्या पेडलांचे ९ व्होल्टचे अडॅप्टर बहुतेक आतून निगेटिव्ह असतात आणि प्लग मात्र तोच बसतो. ५.५ मिलिमीटरच्या प्लगमध्ये आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटरचं असतं, २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर सैल बसतो आणि वायर हलली की कानात फटाके वाजतात.

दर वर्षी हमखास येणारा प्रश्न: अँपला १०० मिलिअँपिअर लागतात आणि अडॅप्टर २ अँपिअरचा आहे, तर अँप जळेल का? टाकी हजार लिटरची असली म्हणून नळातून पाणी जास्त येत नाही. टाकी किती उंचावर आहे त्यावर जोर ठरतो, आणि ती उंची म्हणजे व्होल्ट. व्होल्ट जुळले पाहिजेत, अँपिअर लागतात तेवढे किंवा जास्त असले की झालं. फक्त मोठी टाकी फुटली तर पाणीही जास्त, म्हणून अँपच्या तोंडाशी एक छोटा फ्यूज असावा. लेखातल्या आकृतीत तो नाही.

आता मी स्वतः काय सुचवते. पहिल्यांदा अँप बनवणाऱ्याने मेन्सची वायर आपल्या डब्यात आणूच नये. ट्रान्सफॉर्मर, मेन्सचा स्विच, फ्यूज होल्डर हे सगळं भिंतीपाशी, दुसऱ्याने बनवून तपासलेल्या बंद डबीत राहू दे. प्लस आणि मायनस असे दोन पुरवठे हवे असतील तर त्यालाही सोपी वाट आहे. १५ व्होल्ट एसी देणारा जुन्या पद्धतीचा जड अडॅप्टर घ्यायचा, ज्याच्या आत खरोखरचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतो. एका डायोडने वरची अर्धी लाट पकडायची, दुसऱ्याने खालची, आणि ७८१२ व ७९१२ या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या दोन रेग्युलेटरांनी प्लस १२ आणि मायनस १२ करायचे. हाताला लागू शकेल असं २३० व्होल्टचं काही डब्यात नसतं. अशा ट्रान्सफॉर्मरमधून झिरपणारा करंटही साधारणपणे स्विचिंग अडॅप्टरपेक्षा कितीतरी कमी असतो, त्यामुळे मुंग्यांचा प्रश्नही बहुधा सुटतो.

यात दोन खड्डे आहेत. १५ व्होल्ट एसीचं शिखर २१ व्होल्टांचं. पण लहान ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की तो लेबलपेक्षा वीसेक टक्के चढतो, आणि मेन्स आणखी दहा टक्के वर असेल तर शिखर २८ ला जातं. तिथे २५ व्होल्टचा फिल्टर कॅपॅसिटर लावला तर तो फुगतो, आणि एक दिवस टोपी उडवतो. ३५ व्होल्टचा लावा, २२०० मायक्रोफॅरडचा. एक हजारचा लावून काटकसर केली तर मेन्स उतरल्यावर रेग्युलेटरला श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि संथ आलापाच्या पाठीमागे घूं ऐकू येते. दुसरा खड्डा ७९१२ चा. ७८१२ चे पाय डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. दिसायला जुळे भाऊ. शिवाय ७९१२ ची धातूची पाठ ग्राउंडला नसून इनपुटला जोडलेली असते. दोघांना एकाच हीटसिंकवर मध्ये मायकाचा इन्सुलेशनचा तुकडा न घालता आवळलं की पुढे काय होतं, ते आमच्या प्रयोगशाळेच्या छताला माहीत आहे.

दोन पुरवठ्यांच्या अँपमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळायची असते, ती कानाची. एक पुरवठा गेला आणि दुसरा राहिला, तर काही सर्किटांत आउटपुट थेट उरलेल्या बाजूला जाऊन चिकटतं. ३२ ओहमच्या हेडफोनवर १२ व्होल्ट आले तर ०.३७ अँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. हेडफोनची कॉइल त्याच्या फार थोड्या भागावर चालायला बनवलेली असते. कॉइल क्षणात जळते आणि जळण्याआधी जो धडाका होतो तो कानाला लागूनच. म्हणून नवा अँप चालू केल्यावर पहिल्यांदा जॅकमध्ये हेडफोन नाही, मीटर. डावीकडे आणि उजवीकडे डीसी किती ते बघा. पाच-दहा मिलिव्होल्ट असतील तर ठीक, पन्नासच्या वर गेलं तर आधी कारण शोधा. मग एखादा फेकायच्या लायकीचा इअरफोन, कानात न घालता, आणि शेवटी आवडता हेडफोन. भाच्याने हे केलं होतं का, असं विचारल्यावर तो छताकडे बघायला लागला.

लेखाखाली छापलेल्या एका वाचकाच्या युक्तीबद्दलही लिहिलं पाहिजे. घूं येत असेल तर तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन कापावी, असं त्यांनी सुचवलं आहे. घूं जाते, हे खरं. प्रयोगशाळेत एका मुलाने हाच पराक्रम केला, वर्गाने टाळ्या वाजवल्या. दुपारी मी सहज त्या डब्याला टेस्टर लावला, तर दिवा भगभगीत. फ्यूज होल्डरच्या वायरची एकच केसासारखी तार निसटून डब्याच्या पत्र्याला टेकली होती. अर्थिंग जागेवर असतं तर त्या क्षणी फ्यूज उडाला असता आणि मुलगा चिडला असता, एवढंच. त्याऐवजी तो डबा सकाळपासून तसाच जिवंत होता आणि त्याच्या जॅकमध्ये हेडफोन होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचे एक सरही होते, ते जाऊ दे.

घूं बहुतेक वेळा दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याने येते. वायरींचं एक वर्तुळ तयार होतं आणि त्यात मेन्सचं चुंबकीय क्षेत्र करंट फिरवतं. दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावा, सिग्नलची वायर आखूड करा, नाहीच जमलं तर सिग्नलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. वर्तुळ सिग्नलच्या बाजूने तोडायचं. अर्थिंगच्या बाजूने कधीही नाही.

“मग मावशी, बॅटरीच लावतो, झंझट नको,” असं भाचा म्हणाला. बॅटरी मला आवडते. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, मध्ये कॉमन, ना घूं ना मुंग्या. वीसेक मिलिअँपिअर ओढणारा अँप अल्कलाइन जोडीवर वीस-पंचवीस तास चालतो. पण अँप बॅटरीवर आहे म्हणून माणूस मेन्सपासून सुटला असं होत नाही. अँपची इनपुट वायर ज्या लॅपटॉपला लावली आहे, तो चार्जरवर असेल तर वायरची जाळी त्या चार्जरचा सगळा बरा-वाईट वारसा घेऊन थेट कानापर्यंत येते. काळजी तीच, फक्त अडॅप्टर एक घर मागे गेला. फोन चार्जिंगला लावून इअरफोन घालणाऱ्यांनाही हेच लागू.

लेखातला अँप एका पुरवठ्यातून मधलं ग्राउंड तयार करतो, म्हणून आणखी एक सूचना राहते. अशा अँपमध्ये जॅकचं कडं पुरवठ्याच्या निगेटिव्हवर नसतं, अर्ध्या व्होल्टेजवर असतं. त्याच अडॅप्टरला दोन तोंडं काढून शेजारचा डॅकही (डिजिटल आवाजाचा ऑडिओ सिग्नल करणारा डबा) जोडला, तर डॅकचं ग्राउंड निगेटिव्हवर, अँपचं सहा व्होल्ट वर, आणि सिग्नलची वायर दोन्ही एकत्र बांधते. म्हणजे अर्धा पुरवठा शॉर्ट. जीव जात नाही, पण काहीतरी नक्की जळतं. प्रत्येकाला वेगळा अडॅप्टर द्यावा.

व्हॉल्व्हच्या (जुन्या काचेच्या नळ्यांच्या) अँपबद्दल लेखात शेवटी मोह घातला आहे. तिथे बहुतेक सर्किटांत शे-दोनशे व्होल्ट डीसी असतात, बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये टिकून राहतात, आणि ज्यांत आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही त्यांत ते व्होल्ट आणि हेडफोन यांच्यामध्ये एकच कॅपॅसिटर उभा असतो. पहिल्या अँपसाठी हे नाही, एवढंच म्हणते.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या रविवारी एक चौकट छापावी. ‘कोणताही अडॅप्टर’ ही ओळ काढून तिथे ‘दुहेरी इन्सुलेशनची खूण, सुरक्षा प्रमाणाचा क्रमांक आणि उत्पादकाचं नाव असलेला अडॅप्टर’ असं करावं, आकृतीत इनपुटला फ्यूज दाखवावा, आणि अर्थिंगची पिन कापायची युक्ती मागे घ्यावी. लेखकाला माझा फोन नंबर द्यायला हरकत नाही. ओपॅम्पवर भांडायचं असेल तर त्याचीही तयारी आहे.

भाच्याने १५ व्होल्टचा जड एसी अडॅप्टर आणून पुरवठा नव्याने बांधला. परवा मीटर लावला तर डावीकडे ३ मिलिव्होल्ट, उजवीकडे ४. पांढऱ्या अडॅप्टरचे दोन तुकडे माझ्याकडे आहेत. त्याच्या पिना मी मुळापासून कापल्या आहेत, म्हणजे माझ्यामागे ड्रॉवर आवरणाऱ्याला तो ‘घरात पडलेला’ म्हणून सापडायला नको.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक